मधली तुकडी

"मेल्या, दोन्ही घेतलीस?"

हे मी मनात म्हणणार होते. निघालं तोंडातून. पण मराठीत निघालं म्हणून निर्धास्त होते. स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातलं मासेमारीच्या सामानाचं दुकान, शनिवारची सकाळ, बाहेर पाऊस पाडू की बर्फ पाडू असं आभाळाचं चाललेलं... अशा ठिकाणी रांगेतल्या आपल्या पुढच्या माणसाला मराठी कळेल, असं कुणाला वाटेल?

तो वळला. चष्मा वाफेनं पांढरा झाला होता. त्यानं तो काढला, मफलरच्या टोकानं पुसला, परत लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मला म्हणालात?"

"हो." आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. "शेवटची दोन कार्डं होती ती. माणूस एक, कार्डं दोन?"

"दुसरं एका सहकाऱ्याच्या मेहुण्यासाठी आहे."

"तो मेहुणा रांगेत उभा होता?"

"नाही."

"मी उभी होते. दुकान उघडायच्या आधीपासून. ओल्या बुटांत."

त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं. बूट खरोखरच ओले होते, अगदी पुराव्यासारखे. मग त्यानं हातातलं एक कार्ड माझ्यापुढे धरलं.

"घ्या."

एवढं पटकन? मी भांडणाची पुढची चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती वाया गेली, म्हणून मला थोडा रागच आला. पण कार्ड देताना त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि ते... बरं, ते जाऊ दे.

हे कार्ड म्हणजे काय, तर एका नदीच्या काठावर एक दिवस गळ टाकण्याची परवानगी. नदी बोडनझे तळ्याला मिळते. तिचं नाव मी सांगणार नाही, आधीच गर्दी फार आहे. वसंतात तळ्यातले मोठे, चंदेरी रेनबो ट्राउट मासे पाण्याच्या उलट चढत या नदीत येतात. त्यांच्याच अमेरिकेतल्या भाईबंदांना स्टीलहेड म्हणतात आणि तिकडे म्हणे त्यांच्यासाठी लोक नोकऱ्या सोडतात. इथे सोडत नाहीत, रीतसर रजा टाकून येतात. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळेच येतात. तिथल्या मासेमारी क्लबाबाहेरच्या लोकांसाठी मोजकी कार्डं असतात, आणि ती त्या दुकानात मिळतात.

मी दाभोळच्या खाडीकाठची. आमच्याकडे गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात, आणि गरवायला एक दोर, एक गरी आणि एक रिकामी दुपार लागते. जर्मनीत आधी वर्ग भरतात. मग परीक्षा. मग परवाना. मी स्टुटगार्टमध्ये बॅटरीवर पीएचडी करते. त्या परीक्षेइतका अभ्यास मी बॅटरीचा केला असता, तर एव्हाना डॉक्टर झाले असते. माशाच्या पोटात काय काय असतं ते मला जर्मनमध्ये पाठ आहे. मराठीत विचारलंत, तर मी 'घाण' एवढंच सांगू शकेन.

"तुम्ही कशी काय दिली ती परीक्षा?" दुकानाबाहेर, एकाच छपराखाली उभं राहून मी विचारलं.

"सहकारी म्हणाला, चल देऊ या." तो म्हणाला. "नाही कसं म्हणायचं?"

"मासे आवडतात?"

"मी शाकाहारी आहे."

मी हसले. तो हसला नाही. त्याचं नाव यशोधन. मिरजेचा.

*

इथला कायदा असा, की मासा गंमत म्हणून धरायचा नाही. मापात बसणारा मासा गळाला लागला, तर परत पाण्यात सोडायचा नाही. मारायचा आणि खायचा. म्हणजे शाकाहारी माणसानं परवाना काढणं, हा स्वतःवरच लावलेला सापळा.

"मग तू टाकतोस कुठे गळ?" मी विचारलं. तोवर आम्ही अरे-तुरेवर आलो होतो. दर शनिवारी त्याच दुकानाशेजारच्या बेकरीत बसून नदीचे बेत करणं सुरू झालं होतं.

"जिथे मासा नसेल तिथे."

"कसं कळतं?"

"ते मात्र छान जमतं मला. अजून एकदाही चुकलो नाही."

तो गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबराचं काम करायचा. दार मिटलं की आत पाण्याचा थेंब शिरता कामा नये, एवढी एकच गोष्ट तो दिवसभर बघायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढे लागेल.

नदीकाठी कुठेही तंबू ठोकून चालत नाही, म्हणून कॅम्पिंगच्या मैदानावर दोन लहान तंबूंची जागा आम्ही ठरवली. पहाटे काठावर लोक आपापली स्टुलं ठेवून जागा धरतात, म्हणून आधल्या दिवशी पोचायचं ठरलं. नेकार नदीच्या काठच्या बागेत मी त्याला गळ फेकायला शिकवला, बिनगरीचा. रिमझिम चालू होती.

"खांद्यातून नको रे! गोलंदाजी करतोयस का? मनगटातून. हे असं..."

मी त्याचं मनगट धरलं. दोरा सुटला आणि कधी नव्हे तो सरळ गेला. मनगट सोडायला हवं होतं. सोडायचं राहून गेलं...

"आता?" तो हळूच म्हणाला.

"आता गुंडाळ."

"काय?"

"दोरा, यशोधन. दोरा."

कान लाल. त्याचे. माझे टोपीत होते.

त्या दिवशी मी माझी एकुलती एक अट घातली. "हे बघ. फक्त आपण दोघं. कुणाला सांगायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. कबूल?"

"कबूल. फक्त आपण दोघं."

घरी फोनवर सांगितलं, तर बाबा हिरमुसले. "दोघंच? मग मजा ती काय? चार माणसं न्यायची." मागून आईनं फोन हिसकावून घेतला. आई तशी कमी बोलते. "दोघंच जा हो," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

*

पाडव्याच्या कार्यक्रमाला मी गेले नव्हते, प्रयोगशाळेत होते. दुपारी फोन थरथरला. मला एका ग्रुपमध्ये घेतलं होतं. नाव : 'नदीकाठी धम्माल'. ग्रुपवर यशोधनही होता. 'सर्वांचं स्वागत' असं म्हणून झालं होतं, आणि ते त्यानंच म्हटलं होतं.

मी बघत राहिले. मेसेज पडत राहिले.

'तंबूत हीटर असतो का?'

'पनीर कोण आणतंय?'

'मुलांसाठी वेगळी उथळ नदी आहे का तिथे?'

आणि जयंतदादांचा : 'यशोधनने मनापासून आग्रह केला, मोडवेना. आम्ही सहकुटुंब येत आहोत. आईसुद्धा!!'

जयंतदादा म्हणजे इथल्या मराठी मंडळींचे न निवडलेले अध्यक्ष. त्यांच्या बायको सुमेधावहिनी. आई म्हणजे लताकाकू, नाशिकहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या, गुडघ्यांनी त्रस्त. त्या तंबूत शिरणार कशा आणि मुख्य म्हणजे बाहेर काढणार कोण, याचा विचार माझ्या भावी प्रियकरानं केलेला दिसत नव्हता. भावी होता, हे मी तेव्हाच मनात भूतकाळी केलं.

संध्याकाळी स्टेशनच्या फलाटावर मी त्याला गाठलं. पाऊस तिरपा येत होता.

"कसं झालं?"

"दादांनी विचारलं, सुट्टीत काय. मला खोटं बोलता येईना. ते म्हणाले, अरे वा, नदी! तर मी म्हटलं..."

"काय म्हटलंस?"

"...या ना."

"या ना!"

"अगं, तोंडातून निघतंच ते. समोरचा नदी म्हणतोय आणि आपण गप्प कसं राहायचं? बरं दिसतं का? मला वाटलं, तेही नाहीच म्हणतील. पद्धत असते ना."

"म्हणाले का?"

"नाही ना."

फलाटावरचे जर्मन लोक आमच्याकडे न बघण्याचा कसून प्रयत्न करत होते. मी आवाज कमी केला नाही.

"ऐक. माझे बाबा खाडीवरून येताना तीन मासे आणि पाच माणसं आणायचे. वाटेत जो भेटेल त्याला म्हणायचे, या ना, ताजी तांबोशी आहे. सगळा गाव त्यांना म्हणतो, काय दिलदार माणूस! तुकड्या पाहुण्यांच्या ताटात. माझ्या आईला डोकं आणि शेपटी. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मधली तुकडी खाल्लेली मी पाहिली नाही. तू 'या ना' म्हणतोस तेव्हा तुझं काहीच जात नाही, यशोधन. जातं ते आत चुलीपाशी बसलेल्या माणसाचं."

त्यानं मफलर आवळला.

"गाडीत थेंब शिरू देत नाहीस म्हणे. आणि स्वतः? सगळी दारं सताड उघडी!"

"मी सांगतो त्यांना. नाही म्हणून सांगतो."

"तू?" मी हसले, पण चांगल्या अर्थानं नाही. "तू टेलिफोन कंपनीवाल्यांनाही नाही म्हणत नाहीस. तीन सिमकार्डं आहेत तुझ्याकडे. असल्या माणसाबरोबर एक शनिवार काढता येतो, जन्म नाही काढता येत."

हा 'जन्म' शब्द कुठून आला, ते मला कळलं नाही. त्याला कळला असावा. तो चष्मा काढून पुसत राहिला, पावसात, काही उपयोग नसताना.

माझी गाडी आली. मी बसले. ग्रुपही सोडला. इथे लोक धर्म सोडतात तेव्हा एवढी विचारपूस होत नाही. 'काही चुकलं का?' असं मला ग्रुपमधल्या सगळ्यांनी वेगवेगळं विचारलं.

*

मी एकटीच गेले. कार्ड माझं, परवाना माझा, राग माझा. माझा एक तंबू ठोकला आणि शेजारच्या तंबूपुरत्या मोकळ्या जागेकडे पाठ करून झोपले.

उजाडताना काठावर गेले, तर नदी दिसेना. माणसंच. हिरव्या कोटांची भिंत, मध्ये स्टुलं, बादल्या, थर्मास. जर्मन माणूस एरवी शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागलं तरी दिलगिरी व्यक्त करतो. इथे कोपरं एकमेकांत अडकली होती आणि कुणीही दिलगीर नव्हतं. वर धुकं, खाली थंडगार पाणी आणि अधूनमधून एखादी चंदेरी पाठ... हे सगळं मला लोकांच्या काखांतून पाहावं लागत होतं.

धक्के खात, मनातल्या मनात मालवणीपासून इथल्या श्वेबिश बोलीपर्यंत शिव्या देत मी वरच्या अंगाला गेले. वळणावर एक झुकलेलं झाड. झाडाखाली रिकामी जागा. मोक्याची, खोल पाण्याची. आणि त्या जागेत दोन्ही हात पसरून, शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा... यशोधन.

त्याच्यासमोर एक धिप्पाड दाढीवाला. "इथे जागा आहे ना?" असं तो जर्मनमध्ये अगदी प्रेमानं विचारत होता.

यशोधननं पाय आणखी रोवले. कान लाल झाले.

"नाईन," तो म्हणाला. म्हणजे चक्क 'नाही'.

दाढीवाला म्हणाला, थोडं सरकलास तर दोघं मावू.

"नाईन," यशोधन म्हणाला. चेहरा असा, की दाढ काढताहेत. "कुणीतरी येणार आहे."

"कधी?"

"माहीत नाही."

"येणार हे नक्की?"

"तेही माहीत नाही."

दाढीवाला पुटपुटत गेला. मागोमाग दुसरा आला. पुन्हा तेच. या खेपेस 'नाईन' थोडं मोठ्यानं निघालं. मी झाडाआड उभी राहून बघत होते. राग पक्का धरून ठेवला होता, पण बोटांतून निसटत होता, माशासारखा.

"तुझा गळ कुठे आहे?" मी पुढे होऊन विचारलं.

तो दचकला. पसरलेले हात खाली घ्यायचे विसरला.

"आणला नाही. कार्डच नाहीये माझ्याकडे."

"म्हणजे?"

"त्या दिवशी एक तुला दिलं ना... मग मेहुण्याला काय सांगणार? दुसरं त्याला देऊन टाकलं. मघाशी गेला तो, दाढीवाला. तोच मेहुणा."

"म्हणजे इतके शनिवार तू बेकरीत बसून... ज्या नदीवर तुला दोरासुद्धा टाकता येणार नाही, तिचे बेत करत होतास?"

"नदीचे नव्हतो करत," तो म्हणाला.

पाणी वाहत राहिलं. कुणाच्या तरी गळाला काहीतरी लागलं, आरडाओरडा झाला. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"आणि मंडळी? कुठल्या बसनं येताहेत?" माझा आवाज अजून रागावलेलाच होता, नशीब.

"नाही येत. मी त्यांच्या घरी गेलो. उभ्याउभ्याच म्हटलं, दादा, तुम्हाला बोलावलं ते चुकलं. तुम्ही येऊ नका."

"असं? तोंडावर?"

"तोंडावर. दादा म्हणाले, शिष्ट झालास. मग आतून लताकाकू बाहेर आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, देव तुझं भलं करो रे! मला कशाला झोपवत होते त्या कापडाच्या खोलीत? तर वहिनी म्हणाल्या, आई, मलाही नव्हतं जायचं, एवढ्या माणसांच्या दशम्या कोण करणार होतं? मग दादा जरा वेळानं म्हणाले, मला पाण्याची भीती वाटते."

"मग हो का म्हणाले सगळे?"

"मी मनापासून बोलावलं होतं ना. नाही कसं म्हणायचं?"

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. नदीकाठच्या गंभीर माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मासे पळतात म्हणून.

"फार त्रास झाला?" मी विचारलं.

"पहिल्यांदा. दादांकडे. जिन्यात बसून राहिलो होतो जरा." त्यानं चष्मा काढला, मफलरचं टोक शोधलं. "मुक्ता, मी काही एकदम सुधारणार नाही. 'या ना' येईलच तोंडात. पण आधी तुझ्याकडे बघेन. एवढं नक्की करेन."

मी त्याच्या हातातून चष्मा घेतला, माझ्या सुक्या रुमालानं पुसला आणि त्याच्या नाकावर ठेवला.

"सरक," मी म्हटलं. "माझी जागा आहे ती."

*

मासा दुपारी लागला. दोरा सणसणला आणि गळाच्या काठीचा पार कमरेत वाकलेला म्हातारा झाला. यशोधन जाळं घेऊन धावला, स्वतः आधी पाण्यात पडला आणि मग जाळं. मासा तरीही मिळाला, यात माझं कौशल्य काय ते समजून घ्यावं. मापापेक्षा चांगला मोठा, अंगावर गुलाबी पट्टा. शिकवल्याप्रमाणे मी त्याला झटकन, त्रास न देता मारला. यशोधननं तेवढा वेळ झाडाकडे अत्यंत आस्थेनं पाहिलं.

तंबूशी येऊन मी चूल पेटवली. कोकमाचं आगळ, हळद, आईनं पाठवलेलं तिखट, तांदळाचं पीठ. तुकड्या तव्यावर पडल्या आणि तो चर्र आवाज... दाभोळ, थेट.

"खाणार?" मी तुकडी त्याच्यासमोर धरली. मुद्दाम. डोळ्यांत बघून. "एवढ्या पावसापाण्यात मी धरलाय. माझ्यासाठी. एकच घास?"

तो तुकडीकडे बघत राहिला. माझ्याकडे बघत राहिला. कान पेटले.

"नाही," तो म्हणाला.

मला आजवर लोकांनी बरीच गोड वाक्यं ऐकवली आहेत. त्यातलं एकही या 'नाही'च्या जवळपास फिरकत नाही.

"शाब्बास," मी म्हटलं. "पोळी-भाजी आणली आहेस ना?"

"आणलीये. सुमेधावहिनींनी दिली. आनंदानं."

एवढ्यात वासानं ओढला गेलेला शेजारच्या तंबूतला म्हातारा आमच्या आसपास रेंगाळू लागला. गुडघ्यापर्यंत बूट, रिकामी बादली, चेहऱ्यावर भुकेला सभ्यपणा. आज छान हवा आहे, म्हणाला. हवा छान नव्हती.

यशोधनचं तोंड उघडलं. 'या ना' जिभेच्या टोकाशी आलेलं मला स्वच्छ दिसलं. आणि तिथेच थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"विचारू का?" तो मराठीत, अगदी हळू म्हणाला. "तू म्हणशील तसं."

बाबांनी हे एकदा जरी म्हटलं असतं ना, तर आईनं आनंदानं अख्खं गाव जेवू घातलं असतं.

मी तव्याकडे पाहिलं. मधली तुकडी, जाड, कडेनं कुरकुरीत. ती उचलून मी माझ्या ताटलीत ठेवली.

"विचार," मी म्हटलं. "शेपटी दे त्याला."

म्हातारा बसला. शेपटी खाऊन बोटं चाटली, डोळे मिटले. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, पोळी-भाजी खाणाऱ्या यशोधनकडे पाहिलं आणि विचारलं, "हा तुमचा नवरा?"

यशोधनचा घास थांबला.

मी मधल्या तुकडीचा मोठा लचका तोडला. सावकाश चावला. काटा काढून बाजूला ठेवला. घाई करायचं काही कारण नव्हतं, ताटलीत अजून बरीच शिल्लक होती.

"नॉख निश्ट," मी म्हटलं.

अजून नाही.